हिरवा, पिवळा, गुलाबी

चिखला, खाण वसाहत
२९ जून २०२५

प्रिय वहिनी,

नमस्कार. पाकीट पाहून तू हसशील. घरात दोन-दोन फोन असताना ही बाई पोस्टमनला कामाला लावते. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतेस, "जेवली का?" मी म्हणते, "जेवली." मग तू म्हणतेस, "घे, तुह्या दादाशी बोल." झालं आपलं बोलणं.

दादाकडूनच कळलं की मेघाला पाचवा महिना लागलाय. पाचवा! म्हणजे इतके दिवस तुम्ही सगळे तोंडात गुळणी धरून बसला होतात. मी रागावले नाही. खरं सांगू, थोडी रागावले. तुझ्या अमरला मी कडेवर घेऊन करडीभर हिंडवलं, त्याच्या घरी पाळणा हलणार हे मला सगळ्यात शेवटी कळावं? का कळवलं नाहीस तेही समजतं. गर्भार पोरीजवळ माझं नाव काढायला तुम्ही कचरता. असो. मेघाला माझे आशीर्वाद सांग, चालत असेल तर.

हे बरे आहेत. सध्या पहिली पाळी आहे, दुपारी खाणीतून वर येतात तेव्हा कमलेश कोण आणि दगड कोण ते ओळखू येत नाही. सुटीच्या दिवशी माझा कागद ताणून धरायचं काम त्यांच्याकडे. पगार म्हणून भजी.

सोबत एक चित्र पाठवते आहे. हे ब्रशने रंगवलेलं नाही, छापलेलं आहे. तू मागे विचारलं होतंस, म्हणून सांगते. लिनोलियमचा एकच तुकडा घ्यायचा. त्यावर आधी फिका रंग लावून सगळे कागद छापायचे. मग तोच तुकडा आणखी कोरायचा आणि त्याच कागदांवर पुढचा रंग. असं करत जायचं. कागद वाटीच्या बुडाने घोटायचा, माझ्याकडे यंत्र कुठलं. शेवटचा काळपट रंग छापून होतो तेव्हा तुकड्यावर नुसत्या रेषा उरलेल्या असतात. म्हणजे जेवढे कागद छापले तेवढेच, पुन्हा एकही निघत नाही. याचे सात निघाले. नागपूरच्या प्रदर्शनात लोक म्हणाले, "किती आनंदी रंग आहेत!" एका बाईने तर मुलीच्या खोलीत लावायला विकत घेतलं. मी पैसे मोजून घेतले.

तुला मात्र काही सांगायला नको. तू तिन्ही वेळा माझ्या उशाशी होतीस. पाहिलंस की कळेल.

तुझी,
साधना


करडी
२६ जुलै २०२५

साधनाले शकुनवहिनीचे आशीर्वाद.

मले तुह्यासारखं पुस्तकातलं लिहिता येत नाही, बोलते तशी लिहिते. हसू नको.

तुहं चित्र जिवतीच्या चार दिवस आधी पोचलं. मी तं देवालेच हात जोडले. यावर्षी बाजारात जिवतीचा कागद असा पातळ आला का खळ लावली का फाटते. म्हटलं, पोरीनं बरोब्बर वेळेवर पाठवली. अमोशाच्या दिवशी लोहारानं चौकटीले खिळा ठोकला, निंबाची डहाळी खोचली, ढिवरानं मेघाच्या डोक्यावरून जाळं फिरवलं. मग तांदळाच्या पिठाची चांगली घट्ट खळ केली अन् देवघराच्या भिंतीले तुही जिवती चिपकवली. गल्लीतल्या बाया येऊन पाहून गेल्या. शेजारची मनकर्णाबाई म्हणे, "साधनानं काढली? बाप्पा! दुकानातल्या जिवतीचे लेकरं तं हिच्यापुढे पहेलवान दिसतेत."

काल पहिला शुक्रवार झाला. मेघानं हळद-कुंकू वाहिलं, आघाड्याची माळ घातली, पुरणाचा निवद दाखवला. तू काढलेले तिन्ही लेकरं किती शांत झोपले आहेत, डोळे मिटून! मेघा तिथून हलतच नव्हती.

पुढच्या महिन्यात तिची ओटी भरू. तू मात्र तरास नको घेऊ. पावसापाण्याचे दिवस, चिखल्याहून दोन गाड्या बदलायच्या. मी अमरच्या हातानं लाडू पाठवते. मनावर नको घेऊ, माही शहाणी पोर आहेस.

धानाचा रोवणा चालू आहे, मजूर मिळून नाही राहिले. तुह्या दादाचे गुडघे दुखतेत तरी बांधीत उतरते, ऐकत नाही.

शकुन


चिखला
१ ऑगस्ट २०२५
(हे पत्र पाठवलं नाही.)

वहिनी, हे काय करून बसलीस?

ती जिवती नाही. ती मी आहे. आणि मांडीवर झोपलेली नाहीत ती. ती माझी तिघं आहेत, जी राहिली नाहीत. तू नाही ओळखलंस तर कोण ओळखेल? मला वाटलं, तू पाहशील, पाटावर बसून थोडी रडशील आणि ट्रंकेत माझ्या लग्नातल्या शालूखाली ठेवून देशील. बस, एवढंच हवं होतं मला. माझ्याखेरीज त्यांना ओळखणारं आणखी एक माणूस.

आणि तू त्यांना गर्भार पोरीसमोर भिंतीवर चिकटवलंस. ती त्यांना आपल्या बाळासाठी आयुष्य मागते आहे. मेलेल्यांकडे! मला हसू येतं, आणि लगेच भीतीही वाटते. उद्या त्या पोरीला काही झालं तर सारं गाव माझ्या नावाने बोटं मोडेल. ओटीला मला दूर ठेवलंस, आणि ज्यांच्यामुळे ठेवलंस त्यांनाच देवघरात बसवलंस.

कसं सांगू तुला? सांगितलं तर तुझी झोप उडेल, नाही सांगितलं तर माझी.


चिखला
२ ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

पत्र मिळालं. चित्र आवडलं, बरं वाटलं. पण एक विनंती आहे, ते भिंतीवरून काढ. त्यातला रंग कच्चा आहे. हळदीचं पाणी लागलं की उतरेल, भिंत खराब होईल. तुमसरच्या बाजारातून चांगली जिवती मागवून पाठवते, ती लाव.

ओटीचं समजलं. लाडू नको पाठवूस, इथे दोघांना सरत नाहीत.

साधना


करडी
१२ ऑगस्ट २०२५

साधनाले आशीर्वाद.

तू तं मले भेववलंच. पत्र वाचलं अन् मी लगेच ओलं फडकं घेऊन कोपऱ्यात घासून पाहिलं. काहीच उतरलं नाही! माह्या लुगड्याचा रंग उतरते पण तुह्या चित्राचा नाही. कायले कच्चा म्हणतेस? आपल्या हातच्या कामाले एवढी नावं ठेवू नये. बाजारातली आली ती मनकर्णाबाईले देऊन टाकली.

मेघाचं सांगू का? पोरगी दुपारी जेवण झालं का भिंतीजवळ चटई टाकते अन् त्या लेकरांशी बोलत बसते. म्हणे, "आई, हा हिरवा माहा. हाच येईन." अमर तिले चिडवते का मंग पिवळा कोनाचा, तं म्हणते, "तो दुसऱ्या खेपेचा." दोघं असे हसतेत का घर भरून जाते. तुह्यामुळे हे हसणं आलं, मी तुहं नाव घेते रोज.

तब्येत चांगली आहे तिची. डॉक्टरीण म्हणे, बाळ वजनानं ठीक आहे.

शकुन


चिखला
१७ ऑगस्ट २०२५

प्रिय वहिनी,

मी खोटं लिहिलं होतं. रंग पक्का आहे. आता खरं लिहिते, बसून वाच. मेघा जवळ नसताना वाच.

ती जिवती नव्हे. मी जिवतीसारखी बसवली आहे, पण ती बाई मी आहे. हिरवा माझा पहिला. तेव्हा रोवणा सुरू होता आणि मला परसदारातून धानाच्या पऱ्ह्यांचा हिरवा वाफा दिसायचा, पोटात कोणी आहे हे कळल्यावर पहिल्यांदा नजर त्याच्यावरच गेली होती. पिवळा दुसरा. मोहफुलं वेचायच्या दिवसांत आला आणि त्याच दिवसांत गेला. गुलाबी माझी मुलगी, आठव्या महिन्यातली. त्यांचे डोळे मिटलेले आहेत कारण ते कधी उघडलेच नाहीत, वहिनी.

तुला हे कळेल असं धरून मी चालले, ही माझी चूक. जिवतीच्या तोंडावर लेकरंवाल्या बाईचं चित्र करडीत पाठवलं तर कोणीही भिंतीलाच लावणार, एवढं मला सुचायला हवं होतं. पण आता काढ. हात जोडते. मेघाला हिरव्याशी बोलू देऊ नकोस, मला ऐकवत नाही. तिला सांगू नकोस काय होतं ते. पाणी पडलं म्हण, उंदराने कुरतडलं म्हण.

एक आणखी. तू मला ओटीला बोलावलं नाहीस. गाडी, पाऊस, त्रास, सगळं लिहिलंस. वहिनी, आई गेली तेव्हा माझी वेणी तू घालायचीस. माझ्याशी तरी आडपडदा नको होता. "तुझी कूस धड नाही, पोरीवर सावली पडेल," असं सरळ लिहिलं असतंस तर मी रडले असते, पण तुझीच राहिले असते. आज फार परकं वाटतं आहे.

साधना


चिखला
३ नोव्हेंबर २०२५

वहिनी,

तू ऑगस्टनंतर एक ओळही लिहिली नाहीस. मी समजले की तू रागावलीस. दिवाळीला फराळाचा डबा आला, त्यात चिठ्ठी शोधली.

काल दादाचा फोन आला. नीट बोलताही येत नव्हतं त्याला. भंडाऱ्याला दवाखान्यात नेलं होतं, बाळ पोटातच गेलं, मुलगा होता, एवढं कळलं.

मी लगेच निघाले. यांनी पाळी बदलून घेतली, मला गाडीत बसवून दिलं. तुमसरला उतरले, करडीची गाडी समोर उभी होती. पण पाय उचलला नाही. वाटलं, मला दारात पाहून कोणी ओरडलं तर? मेघानेच तोंड फिरवलं तर? गाडी गेली. मी तिथेच बाकड्यावर बसून राहिले आणि संध्याकाळी परत आले. यांनी चहा करून दिला.

ते चित्र तू काढलं होतंस ना? एवढं मात्र कळव.

साधना


करडी
९ नोव्हेंबर २०२५

साधना,

नाही काढलं.

तुहं ते पत्र मी गोठ्यात बसून वाचलं. मग ओलं फडकं घेतलं, घरात कोणी नव्हतं. पाणी लावून खळ मऊ केली, नखानं कोपराही उचलला. अन् हात थांबला. साधना, तुह्या पोरीले दवाखान्यातून माह्या पदरात मीच आणलं होतं. तुह्या दादानं बोडीच्या पाण्याकाठी पाळीवर जागा केली अन् मी तिले तिथं ठेवून आली. मागं वळून पाहू नये म्हणतेत म्हणून पाहिलंही नाही. आता भिंतीवरून पुन्हा बाहेर काढू? आपल्याच घरातून दोनदा? माह्यानं झालं नाही. म्हटलं, राहू दे, आत्याचे लेकरं आहेत, घरचेच आहेत. मेघाले काही सांगतलं नाही. तुले काय लिहू ते समजेना म्हणून लिहिलं नाही.

नाळ गळ्याभोवती होती. डॉक्टरीण म्हणे, कोणाचा दोष नाही.

पण मी रडता रडता मनकर्णाबाईपाशी चित्राचं बोलून गेली. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. दोन दिवसांत साऱ्या गल्लीले झालं, साधनाच्या कागदानं लेकरू खाल्लं. अन् तुह्यापासून लपवत नाही, एक दिवस मीबी तसंच म्हटलं. कोणावर तरी राग काढायचा होता. तू जवळ नव्हतीस, म्हणून तुह्यावर काढला.

अमरनं ऐकलं तं खुरपं घेऊन भिंत खरडायले धावला. मेघा खाटेवरची उठली. तिले धड उभंही राहता येत नव्हतं. भिंतीले पाठ लावून उभी राहिली अन् म्हणे, "आधी माह्यावर चालवा." अमर खुरपं फेकून बाहेर निघून गेला. तुह्या दादानं त्याले बोडीकडून समजावून आणलं.

त्या दिवसापासून पोरगी बोलत नाही. तुले पत्र लिहिते म्हणते, काल कागद मागून नेला. काय लिहिते ते मले माहीत नाही.

शकुन


करडी
११ नोव्हेंबर २०२५

आदरणीय आत्याबाई,

नमस्कार. मी तुम्हाला लग्नात एकदाच भेटले. तुम्ही मला हिरव्या बांगड्या दिल्या होत्या.

आईंनी मला चित्राचं सगळं सांगितलं. इथे लोक काही काही बोलतात, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी त्या तिघांशी तीन महिने बोलले आहे. त्यांनी माझं वाईट केलं असतं तर मला कळलं असतं.

मला माझं बाळ कोणी दाखवलं नाही. मी मागितलं तर नर्स म्हणाली, पाहू नका, लवकर विसराल. माझी आईपण तसंच म्हणाली. आता सगळे जण माझ्याशी असं वागतात की जणू मी दवाखान्यात तापासाठी गेले होते. ओटीचे फोटो ह्यांनी मोबाईलमधून काढून टाकले. नाव ठेवायचं ठरलं होतं, जीवन. ते पण कोणी घेत नाही. नऊ महिने तो माझ्याजवळ होता, आणि या घरात त्याची एकही वस्तू नाही.

तुमच्या चित्रात त्या बाईच्या डाव्या मांडीवर जागा रिकामी आहे. माझ्या जीवनला तिथे घालाल का? तुमची परवानगी असेल तर. तुमच्या तिघांत तो एकटा पडणार नाही.

मला त्याचा रंग माहीत नाही. तुम्हीच ठरवा.

तुमची सून,
मेघा


चिखला
१५ नोव्हेंबर २०२५

प्रिय मेघा,

तुझं पत्र यांना वाचून दाखवलं. ते उठून बाहेर गेले आणि बराच वेळ नळावर तोंड धूत राहिले.

परवानगी कसली मागतेस? ये म्हणावं त्याला. ज्या तुकड्यावरून चित्र छापलं तो कोरून कोरून संपला आहे, त्यामुळे नवा कागद निघणार नाही. पण तुमच्या भिंतीवरचा कागद आहे, आणि घट्ट चिकटलेला आहे हे बरंच झालं. मी जीवनएवढा लहान तुकडा कोरून आणते. त्याच्यावर रंग लावू, डाव्या मांडीवर ठेवू आणि वाटीच्या बुडाने घोटू. घोटायचं तू.

रंग मी ठरवणार नाही. तुझ्या सासूबाईंनी त्याला पाहिलं असणारच. त्यांना विचार. त्या सांगणार नाहीत, तरी विचार.

आत्या


करडी
२० नोव्हेंबर २०२५

साधना,

मेघानं विचारलं. स्वयंपाकघरात माह्यासमोर बसली अन् म्हणे, "आई, तो कसा होता? रंग कसा होता त्याचा?" मी म्हटलं, गुलाबी होता. नाकाचा शेंडा गुलाबी, तळवे गुलाबी. जावळ भरपूर, अमरसारखं. तिनं पुन्हा पुन्हा विचारलं अन् मी पुन्हा पुन्हा सांगतलं. मग तिनं ताट वाढून घेतलं. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. अमरही दारात उभा राहून ऐकत होता. म्हणे, "आत्याले मी घ्याले जातो गाडी घेऊन."

आता तुले खरं सांगते, कारण रंग तू कालवशील. तो निळा होता, साधना. पिकल्या जांभळासारखा. ओठ तं काळेच. मी त्याले दुपट्यात असा गुंडाळला का कोणाले दिसू नये, अमरलेबी दाखवला नाही. ते फक्त माह्या डोळ्यांत आहे अन् माह्यासंगच जाईल. जावळ खरं होतं, तेवढं खोटं नाही सांगतलं.

तू गुलाबीच आण. माह्यासाठी एवढं कर.

अन् मनकर्णाबाई दारात उभी राहील. राहू दे. मी उंबरठ्यावर तुह्या पायावर पाणी टाकीन अन् हाताले धरून आत नेईन, तिच्या डोळ्यांदेखत.

शकुन


चिखला
२४ नोव्हेंबर २०२५

प्रिय वहिनी,

तुकडा कोरून झाला आहे. तळहाताएवढा आहे, जावळ मी भरपूर ठेवलं. अमरला म्हणावं गाडी तुमसरलाच आण, तिथून पुढे मला सोबत लागेल.

गुलाबी नव्याने कालवायची गरज पडली नाही. डब्यात बराच उरला होता. तो कालवताना मला पूर्ण आठवडा लागला होता. पांढऱ्यात लाल किती घालायचा ते जमेना, कधी फार भडक व्हायचा, कधी विटका. कारण मीही माझ्या मुलीला पाहिलं नव्हतं. शुद्धीवर आले तेव्हा तिला नेलेलं होतं आणि तू उशाशी बसली होतीस. मी विचारलं, कशी होती? तू म्हणालीस, "गुलाबी होती गं. नाकाचा शेंडा गुलाबी, तळवे गुलाबी." तुझ्या त्या शब्दांवरून मी तो रंग केला.

काल तुझं पत्र वाचून मी खूप वेळ डबा हातात घेऊन बसले.

मी तुला काही विचारत नाही, वहिनी. तूही मला कधी काही सांगू नकोस. तोच डबा घेऊन गुरुवारी येते.

तुझी,
साधना